रविवारी बाबा बोलणार आहे

प्रिय रॉक्सॅन,

हे पत्र मी आपल्या जुन्या पिकअपमध्ये, चर्चमागच्या टेकाडावर बसून लिहितेय. दचकू नकोस, तुझ्या आईने खरंच कॉम्प्युटर घेतलाय. दुकानात होता त्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लहान. मिटला की पावाच्या डब्याच्या झाकणाएवढा. बटणं इतकी बारीक की एकावर बोट ठेवायला जावं तर शेजारचंच ओरडतं. बाजूला एक कांडी खोचायची, मोबाइलसारखं तिच्यातून इंटरनेट येतं. म्हणजे दुकानातल्या मुलीच्या मते येतं. आपल्या खाडीकाठच्या गावात कुठलं यायला! घरात नाही, धक्क्यावर नाही, फक्त इथे वर. तेही गाडीचं तोंड समुद्राकडे केलं तर.

येत्या रविवारी तुझी सुट्टी आहे, हो ना? दुपारी मी बाबाला इथे घेऊन येणार आहे. तू तिकडे अल्बर्टात कामगारांच्या कॅम्पवर आपला कॉम्प्युटर उघडून बस, पडद्यावर एकमेकांना बघत बोलायचं. मला हे रविवारच्या आत जमायलाच हवं, पुढचा रविवार चालणार नाही.

काल पहिली चाचणी घेतली, गँडरला राहणाऱ्या डोरिसबरोबर. आपल्या शेजारच्या एल्फ्रीडाची बहीण ती, तिच्या घरी हे सगळं आहे. मला वाटलं गुपचूप उरकावं. पण आपल्या लोकांना तू ओळखतेस. एल्फ्रीडा बहिणीला बघायला आली, तिच्यामागून तिचा नवरा हेडली, मग आणखी दोन गाड्या. कोणीतरी चहाचा थर्मास आणि पार्ट्रिजबेरीचा मुरंबा लावलेले बन घेऊन आलं. मी म्हटलं, "अरे, हे माझं खासगी बोलणं आहे." तर हेडली म्हणतो, "मर्टल, या खाडीत खासगी बोलणं कधी झालंय का?"

डोरिस दिसली, हात हलवला. मी म्हटलं, "डोरिस, कशी आहेस?" ती म्हणाली, "बरी आहे." मग ती गप्प, मीही गप्प. बघतोय एकमेकींकडे. मला वाटलं यंत्र बिघडलं. मागून एल्फ्रीडा खेकसली, "अगं, दोघी बोलत का नाही?" तेव्हा उजेड पडला. होड्यांच्या रेडिओची जुनी सवय, आपलं बोलणं संपलं की "ओव्हर" म्हणायचं. मी तिच्या "ओव्हर"ची वाट बघत होते आणि ती माझ्या! हेडली इतका हसला की बन नाकात गेला.

तुला फ्रिजवरचा तो रेडिओ आठवतो? होड्या समुद्रात असल्या की तो दिवसभर चालू. प्रत्येक स्वयंपाकघरात तोच चॅनेल, म्हणजे एकाने बोलायचं आणि सगळ्या खाडीने ऐकायचं. तू टेबलावर गणितं करायचीस, मी बटाटे सोलायचे, आणि वर तुझ्या बापाचा आवाज. मासे मिळाले तरी कोणी कबूल करायचं नाही, नाहीतर बाकीच्या होड्या तिथेच जाळी टाकायच्या. बाबा म्हणायचा, "काही नाही आज, कालवणापुरते मिळाले. ओव्हर." आणि तू पेन्सिल खाली ठेवून म्हणायचीस, "आई, बाबा खोटं बोलतोय. होडी भरलीय." सात वर्षांची होतीस! मी विचारायचे, कशावरून? तर म्हणायचीस, "हळू बोलला ना." आणि तुझं कधी चुकलं नाही. धुकं दाटलं की मी शब्द ऐकायचेच नाही, नुसता आवाज ऐकायचे. तो आला की भांडी घासायला लागायचे. सरकारने कॉड माशांची मासेमारी बंद केली तेव्हा सगळे होड्यांसाठी रडले, मी त्या रेडिओसाठी रडले. अजून पुसते मी त्याला.

आता बाबा या डब्यावर बोलायला तयार कसा झाला, ते सांगते. फोन तर तो घेत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझा फोन आला की शेडमध्ये जाऊन बसतो, नाहीतर मला खुणेने सांगतो, ऐकू येत नाही म्हणून सांग. कान ठणठणीत आहेत त्याचे. पण काल तोही माझ्या शेजारी बसला होता, आणि डोरिसचा आवाज या यंत्रातून अगदी बेडकासारखा येत होता, मधेच तुटत होता. घरी येताना म्हणाला, "मर्टल, यात सगळ्यांचाच आवाज असा येतो का?" मी म्हटलं, सगळ्यांचाच. "मग रविवारी बोलतो मी पोरीशी," म्हणाला. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मला रडू येत होतं आणि त्याला ते दिसू द्यायचं नव्हतं.

आता खरं सांगते. त्याच्या घशात गाठ आहे, आवाज पार घोगरा झालाय, म्हणून तो तुझा फोन टाळतो. सेंट जॉन्सच्या डॉक्टरांनी सांगितलंय, स्वरयंत्र काढावं लागेल. जगेल म्हणतात, चांगला जगेल, पण बोलणार नाही. बुधवारी ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही म्हणून त्याने मला शपथ घातलीय. पोरीला आत्ता कुठे ट्रक चालवायचं काम मिळालंय, ती सगळं टाकून धावत येईल, म्हणतो. घरात तो सतत जवळ असतो, म्हणून हे इथून लिहितेय. तू यायचं की नाही ते तू ठरव, मी सांगणार नाही. पण रविवारी त्याला खूप बोलतं कर. मासे, वारा, राजकारण, काहीही विचार. मध्ये तुटलं तर पुन्हा विचार. घोगरेपणाबद्दल चकार शब्द काढू नकोस. सगळं साठवून ठेवायचं बटण कुठलं, ते मी दुकानातल्या मुलीकडून शिकून घेतलंय. आज सकाळी मी त्याला विचारलं, पोरीला सांगायचं तरी कधी? तर म्हणाला, "ऑपरेशन होऊ दे गं. मग मी स्वतः सांगेन तिला." रॉक्सॅन, त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

तुझीच,
आई