चार बोटांची फट

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान धरतो. पाटाला पाणी भरपूर आहे, पाणचक्की सकाळपासून दुपारपर्यंत चालते. माझ्या भुवया पिठाने इतक्या पांढऱ्या असतात की आता मला स्थळं म्हाताऱ्यांचीच येणार, असं बाबा म्हणतात.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. चाकाकडच्या भिंतीला तडा गेलाय. चाकाचा आस जिथून आत येतो, त्या भोकापासून वर जात्यांच्या मजल्यापर्यंत. त्यात माझी करंगळी जाते. बाबांना दाखवला तर म्हणाले, दीडशे वर्षांची बाई आहे, सुरकुत्या पडणारच. पण परवा जाती फिरत असताना मी त्या भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो, तर माझे दात वाजायला लागले. तू जुन्या इमारतींची डॉक्टर. औषध सांग.

तुझ्या रागालोभाचा हक्कदार,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

भिंत थरथरता कामा नये. आपली चक्की बांधणारा कुणी वस्ताद होता. जात्यांचं ओझं त्याने भिंतीवर ठेवलंच नाही. खालून उभा केलेला लाकडी सांगाडा ते पेलतो, स्वतःच्या पायांवर, भिंतीपासून चार बोटं सुटा. जाती कितीही हादरली तरी हादरा जमिनीत जिरतो, भिंतीला पत्ताही लागत नाही. इथे माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आपल्याच चक्कीचं नाव घेऊन शिकवते.

ती फट शोध. दाणे, माती अडकली असेल तर साफ कर. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटव. भिंत सरकत असेल तर काच तडकेल. तोवर चक्की बंद. बाबा कुरकुरतील, तेव्हा माझं नाव सांग. माझं ते ऐकतात.

वेळेवर जेव, आणि माझी आठवण ठेव.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काच तिसऱ्या दिवशी तडकली. दुसरी लावली, तीही तडकली. पाण्याची झडप मी पाडली, आणि तुझं नाव काढल्यावर बाबा खरंच गप्प बसले.

फट मात्र सापडली नाही. तिच्या जागी नऊ लाकडी पाचरी आहेत, ठोकून घट्ट बसवलेल्या, वरून गिलावा. बाबांना विचारलं तर आठवत नाही म्हणाले. कुठल्या साली चाकाची कुठली फळी बदलली हे ज्यांना पाठ आहे, त्यांना हे आठवत नाही. म्हणून मी सुतारकाकांकडे गेलो. ते बराच वेळ रंधा मारत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या बहिणीने सांगितलं, मी ठोकल्या. तुझा बाप माझ्याजवळ नको म्हणाला. तिच्यासमोर मात्र तसं बोलला नाही."

कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत तू टेप घेऊन आठ दिवस चक्की मोजत होतीस, हे मला आठवतं. टेपचं दुसरं टोक माझ्याच हातात असायचं. ताई, हे तू सांगितलं होतंस का? मला उत्तर हवंय, समजूत नको.

लोभ आहे म्हणूनच विचारतो.
धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सुतारकाकांचं खरं आहे. ट्रंकेतून तेव्हाचा नकाशा काढला. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: सांगाडा भिंतीपासून सुटला आहे, पाचरी मारून घट्ट करावा. तो झिजून सुटलाय असं मला वाटलं होतं. एक वर्ष शिकले होते आणि मला सगळंच कळत होतं. पुढे खरं शिकले, ते इतरांना शिकवलं, आणि आपल्या घरात काय करून ठेवलंय ते साफ विसरले. अठरा वर्षं प्रत्येक दळणाचा हादरा त्या भिंतीत शिरत राहिला.

आता नीट ऐक. पाचरींना हात लावू नकोस. भिंत आत कलली असणार, आणि आज त्याच तिला धरून असणार. आधी टेकू द्यावे लागतील. त्यासाठी जाड लाकडं आणून ठेव. मी गुरुवारी येते. बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्यांच्याशी मी समोरासमोर बोलेन.

पूर्वीसारखा लोभ ठेव असं म्हणायला आज जीभ रेटत नाही.
ताई

२४ मार्च

ताई,

सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती हे देतोय. गुरुवारची वाट बघू नकोस, आजच नीघ.

काल मी टेकूची लाकडं आणायला वखारीत गेलो होतो. तू येणार एवढंच बाबांना ठाऊक होतं. ते हातोडा घेऊन एकटेच आत गेले. सहा पाचरी निघाल्या. सातवीला भिंत आली. बाबा जिवंत आहेत. उजवा हात दगडांखाली सापडला. डॉक्टरांनी तीन बोटं काढली.

तू सांगितलंस म्हणून मी त्यांना बोललो नव्हतो. दोन शब्द बोललो असतो तर.

धाकटा

२० एप्रिल

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आलंय, सांभाळून घे. दवाखान्यात तू नऊ दिवस उशाशी बसलीस. भिंतीचा विषय तू काढला नाहीस, मीही नाही. घरात सगळ्यांना एकच खोड. म्हणून लिहायला बसलो.

पाचरी मारणं चूक आहे हे मला तेव्हाच कळत होतं. माझ्या बापाने ती फट मला हात घालून दाखवली होती. पण त्याआधीची पाच-सहा वर्षं तू मैत्रिणींना घरी आणत नव्हतीस. माझ्या अंगावरच्या पिठाची तुला लाज वाटायची. त्या सुट्टीत पहिल्यांदा माझ्यामागे फिरलीस, हे काय, ते कशाला, असं विचारत. नको म्हटलं असतं तर टेप गुंडाळून निघून गेली असतीस, असं मला वाटलं. तू गेल्यावर काढू म्हटलं. मग पुढच्या सुट्टीत येऊन बघशील म्हणून राहिलं. मग राहूनच गेलं. त्या दिवशी हातोडा घेतला, तोही त्या पाचरी तुला दिसू नयेत म्हणूनच.

चक्की आता चालायची नाही. चाकाचा आस दगडांखाली मोडून पडलाय. मला ते पटलं, धाकट्याला नाही. रोज एकटा जाऊन दगड उपसतो, जेवायला हाक मारली तरी येत नाही. तुझ्यावर रागावलाय, माझ्यावर त्याहून जास्त. चूक तुझी, गप्प बसणं माझं, आणि उपसतोय तो.

माया आहे तशी राहू दे. मला उत्तर सावकाश पाठव. आधी त्याला लिही.

बाबा