पिल्लांना जेवायला बोलावताना

माय, हे तुला सांगितल्याशिवाय आज माझ्या घशाखाली चहा उतरायचा नाही. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधली आहे, कोंबडीनं फोडलंय ते, आणि मी सकाळपासून नवरदेवाच्या बापासारखा अंगणात येरझारा घालतो आहे.

नीट सांगतो. तुझी सून, जिला तू पाहिलं नाहीस, ती ब्रह्मपुरीच्या आमच्या घरामागे चार गावरान कोंबड्या पाळते. माझा धंदा निराळा. सायकलीला टोपली बांधून घुग्घुसला कोळसा खाणीच्या पाळीवरून सुटणाऱ्या कामगारांना अंडी विकायचा तो तुझा पोरगा आता मशीनमध्ये पिल्लं काढतो, दोन जिल्ह्यांत पोचवतो. शेडच्या दारात उभं राहिलं की नुसत्या कलकलाटावरून मला कळतं, पिल्लं गारठली आहेत की तहानली आहेत. हे कान तुझेच. काल संध्याकाळी सुनेच्या एका कोंबडीवर मुंगूस आलं. पिल्लं परवाच निघालेली. त्यांना कोंबडीनं सरपणाच्या ढिगात घातलं आणि स्वतः आडवी उभी राहिली. आम्ही धावलो तोवर मुंगूस पळालं. पिल्लं सगळी शाबूत, पण तिचा एक पंख फाटून लोंबत होता. गुरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणाले, सकाळी दाण्याला चोच लावली तर जगेल, नाहीतर कठीण आहे.

सकाळी ती टोपल्यात जिवंत होती, पण डोळे मिटून, मुकी. दाण्याकडे बघेना. पिल्लं तिला चिकटून नुसती चिवचिवत होती. मी शेडमधलं चांगल्यातलं खाद्य आणलं, पिवळा बल्ब लावला, पाणी मांडलं. मशीनमधली पिल्लं खाद्य दिसलं की तुटून पडतात, त्यांना सांगायला कोणी नसतं. ही पिल्लं मात्र खाद्यावर पाय देऊन उभी आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिलेली. दोन दिवस तिनं बोलावल्यावरच जेवलेली ती. तिच्या बोलावण्याशिवाय दाणा म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. तुझी सून दारातून म्हणाली, "दोन जिल्ह्यात पिल्लं इकता तुमी, अन् घरच्या पिल्लाईले एक दाना चारता येऊन नाई राह्यला."

तेव्हा मला माझ्या लहानपणची आपली चूल दिसली. चुलीच्या उबेला कोंबडी बसवलेली आहे. तू जंगलातून उधईचं, पुस्तकातल्या वाळवीचं, ढेकूळ आणलं आहेस आणि सुपात फोडते आहेस. पांढऱ्या उधईनं सूप वळवळतं आहे. मी एक पिल्लू मुठीत धरून त्याच्या चोचीत उधई कोंबतो आहे. तू माझ्या मनगटावर चापट मारतेस. "सोड त्याले. तिले दे. थे वाटते आपल्या लेकराईले." मी विचारतो, तिनंच सगळं खाऊन टाकलं तर? तू हसतेस. "माय होय थे. तिलेच आपन चारा लागते, नाईतं उपाशी राह्यते." आणि कोंबडी पहिलटकरीण असली, लवकर बोलावत नसली, की तू सुपावर वाकतेस, बोटाच्या नखानं टकटक करतेस आणि घशातून तो आवाज काढतेस. पिल्लं तुझ्याकडे धावतात.

आज इथल्या सरपणाच्या ढिगाचं तळचं लाकूड उलटलं तर उधई निघाली. सुपात झाडून घेतली, उकिडवा बसलो, टकटक केली, कुटकुट केलं. एकानंही मान वळवली नाही. मी जिभेनं बोलावत होतो. मग आठवलं, तुझा आवाज खालून यायचा, तोंड जवळजवळ मिटलेलं असायचं. तसा काढला. माय, सगळी चिवचिव एकदम थांबली. एक आलं, मग दुसरं, मग माझ्या बोटावरून एकमेकांना तुडवत सगळी. मी बोलावतो आहे आणि ती खात आहेत.

इतक्यात टोपल्यातला एक डोळा उघडला. आपल्या लेकरांना दुसरंच कोणी जेवायला बोलावतंय हे तिला सोसलं नाही. मान वर आली, घोगरा आवाज निघाला आणि तिनं माझ्या बोटावर अशी चोच हाणली की रक्त आलं. मग एक उधई उचलली, खाली टाकली आणि स्वतः बोलावलं. आवाज फाटका, पण पिल्लं मला सोडून क्षणात तिकडे. मागून तुझी सून म्हणाली, "काहाडलं तुमाले कामावरून."

पिल्लं खात होती तोवर कोंबडीनं एक कणही गिळला नाही. मग तांदळाची भिजवलेली कनकी मी थेट तिच्या चोचीखाली धरली, तू धरायचीस तशी. थोडं थांबून खाल्ली. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, पंख वाकडा राहील, पण आता जगते.

हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, एवढं मला कळतं. पण एक गोष्ट तुझ्या सुनेलाही सांगितलेली नाही. एवढे कान असून, तू गेल्यानंतर काही वर्षांतच तुझा आवाज मला आठवेनासा झाला होता. आज दुपारी पिल्लं आईच्या पोटाखाली झोपली, अंगणात कोणी नव्हतं, तेव्हा मी तो आवाज पुन्हा काढला. पिल्लांची पोटं भरलेली होती, एकही हललं नाही. तरी मी बराच वेळ बोलावत बसलो.