आठही दिवे ओके

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी.
आज कंपनीची साप्ताहिक सुट्टी. आजपासून रोजनिशी. लिहून ठेवलं की काम भरकटत नाही.
काम : माझ्या बायकोची, स्वरूपाची मुलाखत. वीस तारखेला, म्हणजे गुरुवारीच, ऑनलाइन. विमा कंपनीची नोकरी, घरात बसून करायची. उदगीर सोडून मोशीला आलो तेव्हा तिची नोकरी सुटली, त्याला आठ वर्षं झाली. मुलाखतीपर्यंत पोचलेला हा पहिलाच अर्ज. अट एकच. नेट तुटता कामा नये. तुटलं की मुलाखत संपली.
हॉलमध्ये बसायची सोय नाही. शेजारच्या बिल्डिंगचं काम चालू आहे, काँक्रीट फोडायचा ब्रेकर दिवसभर वाजतो. आतल्या खोलीत शांतता आहे, पण तिथं वाय-फाय पोचत नाही. उपाय : हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत केबल.
नेटवाला शहेबाज म्हणाला, केबल ओढून दोन्ही टोकांना कनेक्टर लावून देतो साहेब, अर्ध्या तासाचं काम. मला हसू आलं. मी चाकणला वायरिंग हार्नेसच्या कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांमधल्या तारांचे जुडगे आमच्याकडे बनतात आणि त्यांच्या टोकांवर पास की फेल हे मी ठरवतो. प्लास्टिकच्या एवढ्याशा बोंडात आठ तारा दाबायला मी बाहेरचा माणूस बोलावू?
स्वरूपानं विचारलं, तुम्ही स्वतः कधी दाबलंय का. मी सांगितलं, दाबणं हे खालचं काम, तपासणं वरचं. वरचं येतं त्याला खालचं येतंच. ती कणीक मळायला गेली. पटलं असावं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. कंपनीच्या बसमध्ये.
कुरुळीला ट्रॅफिक. तेवढ्यात प्लॅन तयार. संध्याकाळी चिखलीला चांदभाईंच्या दुकानातून केबल, कनेक्टर आणि ते तारांवर दाबून बसवायचं क्रिम्पिंग टूल.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
चांदभाईंनी विचारलं, कनेक्टर किती देऊ. टोकं दोन, म्हणून दोन. ते म्हणाले, पाकीटच घेऊन जा, लागतात. दुकानदार असंच म्हणणार. दोनच घेतले.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
केबल भिंतीला क्लिपा मारून बसवली. राउटर ते खिडकीजवळचं टेबल, अगदी मापात. स्वरूपा म्हणाली, थोडी जास्त ठेवा. जादा तार म्हणजे वेस्ट, हे तिला समजावलं.

सोमवार, १० नोव्हेंबर.
पहिलं टोक. आठही तारा एकेक करून सोलल्या, तांबं उघडं केलं, पीळ दिला. कंपनीत लाइनवर जशा होतात तशा. नजर लागावी असं काम. मात्र कनेक्टरच्या भोकांत तारा जाईनात. पाच गेल्या, तीन बाहेर राहिल्या.
स्वरूपानं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यातला मुलगा तारा न सोलताच आत घालतो. म्हणे दाबल्यावर आतली पाती रंगीत आवरण कापून तांब्याला भिडतात. आमच्याकडे असं काम केलं असतं तर संध्याकाळच्या आत गेटबाहेर. न सोललेली तार म्हणजे फेल, हे मी सात वर्षं लोकांना शिकवतोय.
दुसरा कनेक्टरही असाच गेला. मटेरियल खराब.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
चांदभाईंकडून दहाचं पाकीट. मी मागितलं, त्यांनी सुचवलं नाही.
जिन्यात खालच्या मजल्यावरच्या कुसुमताई भेटल्या. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे त्या सगळ्यांची चौकशी हक्कानं करतात. म्हणाल्या, तुमचं ते इंटरनेट लागलं का वो? न्हाई लागलं तरी काय अडत न्हाई, आमचं हाय की. वाय-फाय म्हणजे पाण्याची कळशी वाटते त्यांना, खालून भरून आणायला. मान हलवली आणि वर आलो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर. सुट्टी. पूर्ण दिवस याच कामाला.
तारा सोलणं तूर्त थांबवलं. कोणी सांगितलं म्हणून नाही, ट्रायल म्हणून. सगळ्या तारा आत गेल्या. टूल दाबलं, टक्क आवाज आला. सुंदर.
मग पुल टेस्ट. आमच्याकडे प्रत्येक टोक ओढून बघतात. सुटलं तर फेल. मी नियमाप्रमाणे पाय भिंतीला लावून ओढलं. कनेक्टर हातात आला.
पुन्हा लावला. पुन्हा ओढला. पुन्हा हातात. दिवसभरात चार गेले.
दर वेळी वीतभर टोक कापून नवीन सुरुवात करावी लागते, त्यामुळे केबल आता खिडकीपर्यंत पोचत नाही. टेबल पलंगाजवळ आणलं. नाहीतरी खिडकीतून उजेड फार येत होता. घरात फाइव्ह-एस, म्हणजे कंपनीसारखी नीट मांडामांड, लागू करायचंच होतं.
स्वरूपा म्हणाली, ओढून कशाला बघता, त्याला कोण ओढणार आहे. तिला क्वालिटी समजावून सांगणं अवघड.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
काल-आज मिळून सहा फेल. सगळे पुल टेस्टमध्ये. रूट कॉज, म्हणजे बिघाडाचं मूळ, शोधायला बसलो. माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. मशीन : टूल हलकं. मटेरियल : कनेक्टर ठिसूळ. मेथड : व्हिडिओतली, म्हणजे माझी नाही. माणूस : ओके.
टेबल आता दाराच्या मागे. दार पूर्ण उघडत नाही, अर्ध्यातून तिरकं शिरावं लागतं. मुलाखतीत कोणी मध्येच आत येणार नाही हा फायदा आपोआप झाला.
स्वरूपा स्वयंपाक करता करता उत्तरं पाठ करत होती. कुकरला सांगत होती की मला दडपणाखाली काम करायची सवय आहे. तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणाली. मी म्हटलं, केबलची काळजी करू नकोस. ती म्हणाली, केबलची नाही करत.

सोमवार, १७ नोव्हेंबर.
आणखी एक पाकीट आणि एक टेस्टर. चांदभाई म्हणाले, काय साहेब, नवीन धंदा सुरू केला का. लोकांना कळतं कोणाच्या हातात काम आहे. ते असंही म्हणाले की केबल काढून आणा, मीच लावून देतो. भिंतीतल्या क्लिपा काढणार कोण?
टेस्टरचे दोन तुकडे. मोठ्यात सेल आहे, तो हॉलमध्ये. छोटा आतल्या टोकाला. दोन्हींवर आठ दिवे. आज दोन्ही टोकं लावून झाली. पुल टेस्ट फक्त दोन बोटांनी केली, कारण केबल आता वाया घालवता येत नाही.
टेस्टर चालू केला. एक ते आठ, एकापाठोपाठ एक, आठही दिवे. मी हॉलमधून ओरडून स्वरूपाला विचारलं. ती म्हणाली, माझ्याकडे फक्त तिसरा आणि सहावा लागतोय. छोट्या तुकड्यात सेलच नाही, त्याला काय कळणार? सेल मोठ्यात, म्हणजे अक्कलही मोठ्यात. आठही दिवे ओके. पास.

बुधवार, १९ नोव्हेंबर.
केबल राउटरला जोडली. लॅपटॉपवर नेट आलं की नाही ते बघायला गेलो तर स्वरूपा म्हणाली, चालू आहे, तुम्ही चहा घ्या. बघितलंस ना, असं मी दोनदा विचारलं. तिनं व्हिडिओ लावून दाखवला. अजिबात न अडकता चालला.
लाइनवर सगळ्यांना सांगितलं. बुद्धभूषण म्हणाला, भावा, एवढ्यासाठी चौदा कनेक्टर? त्याला डेव्हलपमेंट म्हणजे काय माहीत नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर. सकाळी.
शेवटचं इन्स्पेक्शन. राउटरमधून टोक काढून पुन्हा टेस्टरला लावलं. आठही ओके. तेवढ्यात आतून स्वरूपा म्हणाली, सुरू होतंय, आवाज करू नका. मी हॉलमध्ये स्टूल घेऊन टेस्टरसमोर बसलो. चालू लाइनला हात लावायचा नाही, हा आमचा नियम.
दिवे पळताहेत. एक ते आठ, पुन्हा एक ते आठ. म्हणजे तिचा शब्द न शब्द या तारांमधून जातोय. डोळे भरून आले. लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

दुपारी.
पाऊण तास मुलाखत. एकदाही तुटली नाही. ती बाहेर आली तेव्हा ओढणीला चेहरा पुसत होती आणि हसत होती. किती दिवसांनी असं हसली.
मग उदगीरला फोन. आईला सांगत होती, ह्यांनी सोताच्या हातानं केबल लावली बघ आई, म्हणून सगळं जमलं. मी गॅलरीत उभा राहून ऐकलं. आयुष्यात याहून चांगलं सर्टिफिकेट मिळालं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर.
निवड झाली. एक तारखेपासून काम. पेढे आणले. कुसुमताईंना द्यायला स्वरूपा स्वतः गेली आणि बराच वेळ खालीच होती. एवढं काय बोलायचं असतं त्यांच्याशी?

रविवार, २३ नोव्हेंबर. ड्युटीवरून आल्यावर.
टेस्टर बंद करायला गेलो. केबलचं टोक अजून टेस्टरमध्येच. गुरुवारी सकाळी मी काढलं, ते परत राउटरला लावलंच नाही.
म्हणजे मुलाखतीच्या वेळी केबल कशालाच जोडलेली नव्हती.
केबल टेस्टरमधून काढली. दिवे पळतच राहिले. एक ते आठ. काही जोडलं काय, न जोडलं काय, मोठ्यावरचे पळतातच. खरं काय ते छोट्यावर दिसतं.
स्वरूपा भाजी आणायला गेली होती. लॅपटॉप उघडला. वाय-फाय जोडलेलं होतं. नाव : कुसुम निवास. त्यांचा राउटर बरोबर आमच्या आतल्या खोलीच्या खाली आहे. काल पेढे देताना आभारच मानत असणार.
वाईट वाटलं. फार वाटलं. ती दाराच्या मागे, अंग चोरून, त्या टेबलाशी का बसली? खिडकीत बसली असती तरी चाललं असतं.
ती जिन्यात आली तशी केबल परत टेस्टरला लावून ठेवली.

सोमवार, २४ नोव्हेंबर.
नोकरी रोजची आहे, कुसुमताईंच्या वाय-फायवर किती दिवस? एक तारीख जवळ आली. जेवणाच्या सुट्टीत शहेबाजला फोन केला. म्हटलं, असंच जरा चेक करून जा, मॅडम बाहेर असताना. तो म्हणाला, अहो साहेब, मॅडमनी परवाच बोलावलंय ना. बुधवारी, तुम्ही ड्युटीवर असताना. दुसरी केबल ओढायची आहे, कपाटाच्या मागून. आणि बजावून सांगितलंय की साहेबांच्या केबलला हात लावायचा नाही, तिला आहे तशीच राहू द्यायची.
मी म्हटलं, बरोबर सांगितलंय.
बुधवारी ओव्हरटाइमला थांबायचं. आज जाताना चांदभाईंकडून टेस्टरसाठी सेल घ्यायचा. दिवे मंद झालेत.