चित्रातला उतार

धाकट्या भावास थोरल्याचा अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. छापखान्यातली माणसं चहाला नाही म्हणू देत नाहीत. तुझ्या वहिनीचा खोकला थांबला का?

आपल्या नदीच्या गोष्टींचं पुस्तक देखणं झालंय. एकच घोळ झाला. मी लिहिलं होतं, 'भावंडं उतारावरून पलीकडे गेली.' आपण पायी नदी ओलांडतो, तो उथळ उतार. चित्रकाराने मी पाठवलेल्या फोटोतली डोहाकडची घसरडी उतरण रंगवली आणि मुलं हसत पाण्यात शिरताना दाखवली.

प्रती गावच्या शाळेत पोचल्यात. काल नात फोनवर म्हणाली, "आजोबा, चित्रातली वाट सापडली! उद्याच्या सुट्टीला सगळे जाणार!" मी ओरडेपर्यंत फोन कटला, तेव्हापासून गावात कुणाचाच लागत नाही.

ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती हे देतोय, मागोमाग येतोच. वाचलंस ना? आता चपला शोधू नकोस, तसाच डोहावर पळ.

तुझा दादा