जो उरेल त्याच्यासमोर

अहो,

नावानं हाक मारायला कधी जमलं नाही, मग पत्रात तरी कशी मारू? लिहायला बसले, कारण आज मी तुमच्या कराटे क्लासला जाऊन आले. हसू नका! इतकी वर्षं तुम्ही चल म्हणायचा, तेव्हा "या वयात लाथा झाडू का?" म्हणून मीच उडवून लावलं.

तुम्ही गेल्यापासून शाळेच्या हॉलमधला क्लास तुमची जुनी विद्यार्थिनी रूपाली घेते. तिनंच मला ओढत नेलं. दारात चपला ओळीनं काढायच्या, आत शिरताना वाकायचं. सगळ्यात मागं, पांढऱ्या पट्ट्यांच्या पोरांत, पंजाबी ड्रेस घालून मी! आधी पळणं, मग अंग मोकळं करणं, मग "इची, नी, सान" असं जपानीत मोजत हवेत ठोसे. पाचव्यालाच मला धाप लागली.

दहाव्या ठोशाला जोरात ओरडायचं असतं म्हणे. माझा आवाजच फुटेना. घरात दिवसदिवस बोलायला कोण असतं हो?

तुमचा काळा पट्टा मी एकदा साबण लावून धुतला, तर तुम्ही दोन दिवस धुसफुसत होतात. "पट्टा धूत न्हाईत गं, त्यात घाम असतोय आपला." आता तो खुंटीवर तसाच आहे. धुतलेला नाही.

मग रूपालीनं जोड्या करायला सांगितलं. सगळ्यांना कुणी ना कुणी मिळालं, मी एकटी उरले. गुपचूप भिंतीकडं सरकले, तर तीच समोर येऊन उभी राहिली.

"काकी, असं न्हाई चालायचं. जो उरंल त्याच्याम्होरं सर सोता उभं ऱ्हायचं. मारा ठोसा."

मला हे कुठं ठाऊक होतं? तिथं एकटा उरलेला तुम्हाला बरोब्बर दिसायचा. आणि रोज संध्याकाळी ताट झाकून तुमची वाट बघत बसलेली मी? मी बोलले नाही, तुम्ही विचारलं नाहीत. चूक दोघांची, पण थोडी जास्त तुमचीच.

ठोसा मारला आणि आवाज फुटला, तो रडण्याचाच. रूपाली जागची हलली नाही. शेवटी सगळे गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून वाकले. मी जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

गुरुवारी परत जाणार आहे. ठोसा जमो न जमो, सगळ्यांच्या जोड्या लागेपर्यंत मी थांबेन. कुणी एकटं उरलं, तर त्याच्यासमोर मी उभी राहीन. शब्द देते.

तुमची,
शालन