पुलाच्या उद्घाटनाला न येण्याविषयी

ती. गुडवेगताईस,

टोपी काढून, मान खाली घालून धाकट्या आस्मुंडचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? सहा वर्षं तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस, त्यामुळे तुझी खुशाली मी परस्पर एइलर्टला विचारतो (आपल्या फेरीबोटीवर तिकिटं तपासणारा एइलर्ट, अजून निवृत्त व्हायचं नाव घेत नाही). तो दर वेळी एकच शब्द सांगतो, "उभी आहे." एवढ्यावर मी महिना महिना काढतो.

कागदावर राजदूतावासाचा शिक्का आहे, त्याला बिचकू नकोस, जवळ दुसरा कागद नव्हता. माझं बरं चाललंय. मला जिथे नेमलंय त्या देशात (नाव लिहीत नाही, त्या बिचाऱ्या देशाची काही चूक नाही) ऊन फार. नाक सोलून निघतं, आणि संध्याकाळी लोक विचारतात, "आमचं हवामान आवडलं ना?" मी हो म्हणतो. या 'हो'चाच मला पगार आहे. मनातून मात्र मला आपला तिरपा पाऊस हवा असतो, आणि बोट धक्क्याला लागताना होणारा तो लोखंडाचा खडखडाट.

आता तू म्हणशील, राजदूत झालास, वर रडतोस कशाला? ताई, आपल्याकडे माणूस राजदूत कसा होतो हे तू जवळून पाहिलंयस. आधी मी बेटाचा नगराध्यक्ष झालो (मतदार सातशे, त्यातले निम्मे नातेवाईक, म्हणजे निम्मी मतं विरोधात). निवडून आलो ते 'पूल आणतो' या एका वाक्यावर. प्रचार केला तो फेरीबोटीवर, कारण अख्खं बेट तिथेच वीस मिनिटं कोंडलेलं सापडायचं. तुझ्या उपाहारगृहाच्या खिडकीशी उभा राहून, तूच केलेलं स्वेले खात (ताकातलं ते जाड गोड धिरडं, आत लोणी आणि तपकिरी चीज), मी लोकांना पटवायचो की ही बोट बंद झालीच पाहिजे. तू आतून ओरडायचीस, "आधी गिळ, मग बोल! मतदारांच्या अंगावर तुकडे उडतायत." त्या धिरड्यांच्या बळावर मी ओस्लोला संसदेत गेलो, पुढे मंत्री झालो, मंत्रिपद गेलं, आणि ज्याचं काय करावं हे पक्षाला सुचेना त्याला पक्षाने परदेशी धाडलं.

यंदाच्या सतरा मेची गोष्ट तुझ्या कानावर आली असेलच, पण एइलर्ट तिखटमीठ लावतो म्हणून मीच सांगतो. राष्ट्रीय दिनाला एकशेचाळीस पाहुणे होते. मला हुक्की आली की सगळ्यांना स्वेले खिलवायचं. धिरडी फुगवायला पिठात घालतात ते शिंगाचं मीठ मी सरकारी टपालाच्या थैलीतून मागवलं (नियमात बसत नाही, कुठे बोलू नकोस). आमचा आचारी भला माणूस आहे, पण ते मीठ तापलं की नवसागरासारखा भपका मारतं हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. त्याला वाटलं, गॅस फुटला. त्याने धोक्याची घंटा वाजवली. बारा देशांचे राजदूत बायकांसह रस्त्यावर धावले. आपली माणसं मात्र वास ओळखून, सणाचे लोकरी पोशाख सावरत, नेमकी उलट्या दिशेने, स्वयंपाकघराकडे धावली. अग्निशमनवाल्यांनी आम्हा बावीस जणांना बाहेर काढलं तेव्हा प्रत्येकाच्या हातात एकेक गरम धिरडं होतं. यजमान देशाच्या मंत्र्यांनी अजून माझी भेट घेतलेली नाही.

हसलीस का? मी हसलो नाही. तव्यासमोर उभा राहून ढसाढसा रडलो, आणि सगळ्यांना वाटलं भपक्याने डोळे चुरचुरले. मला तू हवी होतीस. आई गेल्यावर मला त्या खिडकीमागे खोक्यावर बसवून गणितं सोडवून घेणारी तू. आणि पुलाच्या कागदावर सही केली त्या दिवशी टीव्हीवाल्या बाईने विचारलं, "बोटीवरच्या उपाहारगृहाचं काय होणार?" तर मी कॅमेऱ्यात बघून हसलो आणि म्हणालो, "तिथे दोन बायका आहेत, त्यांची कुठेतरी सोय लागेल." त्यातली एक माझी बहीण आहे, हे म्हणायला एक श्वास पुरला असता. तो मी घेतला नाही. ताई, माझं चुकलं. हे पत्र मी नऊ वेळा फाडलं ते या ओळीपाशी.

गुडघ्याला जप. उभी राहत जा, पण मधूनमधून बसतही जा.

तुझा,
आस्मुंड

ता. क. उद्या शनिवारी फीत कापायला मला बोलावलं आहे. प्रकृती बरी नाही असं कळवून टाकलंय. भाषण लिहून तयार होतं, चांगलं झालं होतं.

ता. क. २. पाकिटावर तिकीट नाही याचं नवल वाटेल. मी राजदूतावासात नाही. दुपारपासून बेटासमोरच्या, अलीकडच्या धक्क्यावर, गाड्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे आहे. तीन खेपा गेल्या, आणि तिन्ही वेळा मी मागच्यांना हात करून पुढे जाऊ दिलं. एइलर्ट म्हणाला, "साहेब, चढताय, की वाहतूक पोलिसाची नोकरी धरलीत?" पत्र त्याच्याच हाती देतोय. सहाची खेप शेवटची, उद्यापासून बोटच बंद. त्या खेपेला मला तुझ्या शेजारी उभं राहून धिरडी उलटायची आहेत, बाकी काही नको. नको असेन तर एइलर्टजवळ तसं सांग, मी मुकाट्याने गाडी वळवून निघून जाईन.

ता. क. ३. आत्ताच मागे वळून पाहिलं. गाडी वळवायला जागा उरलेली नाही. बोटीच्या शेवटच्या खेपेसाठी अख्खं बेट इकडे येऊन माझ्यामागे रांग लावून उभं आहे, आणि मी कोणाच्या उत्तरासाठी थांबलोय हे सगळ्यांना माहीत आहे.