जाऊबाईंचा गुडघा

११ मार्च

लोणी म्हणे! "लोण्यासारखा फिरतो गं गुडघा, उगाच घाबरतेस." दुकानात इस्त्रीच्या टेबलाला टेकून जाऊबाई हे म्हणाल्या होत्या. त्यांचं ऑपरेशन माझ्या आधी वर्षभर झालेलं. मी डॉक्टरचं ऐकलं नव्हतं, लेकीचं ऐकलं नव्हतं, यांचं तर कधीच ऐकत नाही. जाऊबाईंचं मात्र ऐकलं आणि ऑपरेशनच्या टेबलावर जाऊन आडवी झाले. आता टाके निघाले, वॉकर गेला, काठी आली — आणि माझं लोणी अजून कढतंच आहे.

१४ मार्च

व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणते, "आजी, अजून थोडा वाकवा." म्हटलं, तूच वाकव, मी बघते. हसली. हसत हसत वाकवला. मी असं ओरडले की शेजारच्यांनी टीव्ही बारीक केला!

२ एप्रिल

डॉक्टरांकडे जाऊन आलो. एक्स-रे उजेडाला धरून किती वेळ बघत बसले. सुंदर बसलाय म्हणे गुडघा! मी म्हटलं, दुखतो. तर म्हणाले, दुखायला नको. म्हणजे काय? मी काय हौसेने कण्हते? बोलत होते ते सगळं त्या फोटोशी. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. इतका आवडला असेल तर ठेवून घ्या म्हणावं तुमच्याकडेच.

गाडीत हे म्हणाले, "मला दिसतं तुझं दुखणं." एवढंच. पण रडू आलं. या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे.

१० एप्रिल

मला नाचायचं नाही, डोंगर चढायचा नाही. मला माझ्या मशीनवर बसायचं आहे, बस्स. दुकान आम्हा दोघी जावांचं. मुलं लहान असल्यापासूनचं. पँटची उंची कमी करा, चेन बदला, पडदे शिवा, शाळेचे गणवेश — सगळं आम्हीच. समोरासमोर दोन पायमशिनं. ती एकदम चालायला लागली की घरचं, दारचं, नवऱ्यांचं, सगळ्यांचं बोलून होतं. नवऱ्याला सांगता येत नाही ते मी त्या मशीनच्या आवाजात जाऊबाईंना सांगत आले.

आज खुर्चीत बसून पाटावर पाय ठेवला आणि पायडल मारल्यासारखं करून बघितलं. टाच खाली गेली की कळ थेट मांडीपर्यंत. पायडल मारता आलं नाही तर मी दुकानात करू काय? गिऱ्हाइकांना पाणी देऊ?

१९ एप्रिल

जाऊबाई येऊन गेल्या. जिना चढताना कठड्याला हातसुद्धा लावला नाही! मी गॅलरीतून बघत होते. म्हणाल्या, तुझं मशीन झाकून ठेवलंय, कुणाला बसू देणार नाही. मी विचारलं, तुमचा नक्की कधी थांबला हो दुखायचा? तर म्हणाल्या, "होईल गं हळूहळू," आणि चहाचा कप विसळायला उठल्या.

रात्री लेकीचा फोन. काकूंचं बघ, त्या कशा टुणटुणीत झाल्या. तू व्यायाम मन लावून करत नसशील. अंगाचा तिळपापड झाला. फोन ठेवला, आणि मग मलाच वाटायला लागलं, खरंच मी रडूबाई आहे की काय? एकाच डॉक्टरचा हात, एकाच घरातल्या दोघी बायका. मग खोट माझ्यातच.

३ मे

आज काही लिहायचं नाही. दुखतं.

१६ मे

लिहून टाकते.

कुणाला न सांगता दुकानात गेले. म्हटलं, जाऊबाईंना चकित करू. मागच्या दाराने शिरले, कपडे घालून बघायच्या जागेचा पडदा बाजूला केला. मशीन चालू होतं, पण माझ्या मशीनची जोड नसलेला हा आवाज ओळखीचा नाही. अडखळत, दमत चाललेला. बघते तर जाऊबाई एकट्या डाव्या पायाने पायडल मारतायत! उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली, खालचा ओठ दातात. शेजारी गोळ्यांचं पाकीट.

मी विचारलं, "कधीपासून?"

त्यांनी मशीन थांबवलं. "पहिल्यापासून," म्हणाल्या. "थांबलाच नाही कधी."

मी म्हटलं, मग मला असं का सांगितलंत? माझ्याकडे बघेनात. एवढंच बोलल्या — "ते मला विचारू नकोस."

म्हणजे अख्खं वर्ष माझ्या समोर बसून ही बाई एका पायाने शिवत होती! आणि मांडीवर पडद्यांचा ढीग का घेऊन बसायची, ते मला आज कळलं. मी रिक्षाही न बघता चालत सुटले. घरी कशी पोचले ठाऊक नाही.

१७ मे

केसाने गळा कापला. दुसरा शब्द नाही. लोणी कसलं, लोणकढी होती ती!

डॉक्टर परका, त्याचं काय घेऊन बसायचं. पण ही माझी जाऊ! माझ्या बाळंतपणात रात्र-रात्र जागलेली. हिला माहीत होतं काय होणार आहे. मी घाबरून विचारत होते, दहादा विचारत होते, आणि ही हसून खोटं सांगत होती. का? आपण फसलो तर दुसरीनेही फसावं म्हणून? सोबत हवी होती दुखायला? वर महिनोन्‌महिने मी स्वतःला नावं ठेवतेय, लेक मला बोलतेय, आणि ही ऐकून गप्प!

यांना सगळं सांगितलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, असेल काही कारण. मी म्हटलं, कसलं कारण? तर पाण्याची बाटली भरायला आत गेले. भावाच्या बायकोबद्दल वाईट बोलवत नसेल. भला माणूस आहे.

२४ मे

बेल वाजली. जाऊबाईंची बेल मी ओळखते, दोनदा तुटक. यांना म्हटलं, सांगा झोपलीये म्हणून. हे बाहेर गेले, दार ओढून घेतलं. बराच वेळ दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. मी पलंगावर जागीच, कान टवकारून. एक अक्षर कळलं नाही. आत आल्यावर विचारलं, काय म्हणत होत्या? तुझी चौकशी, म्हणाले.

चौकशी! आता कशाला?

३० मे

ठरवलं. यांना सांगितलं, जाऊन माझं मशीन घेऊन या. दुकान राहू दे त्यांना लखलाभ. मी त्या बाईसमोर पुन्हा बसणार नाही. हे म्हणाले, घाई करू नकोस, थोडं थांब. मी म्हटलं, तुम्ही जाणार की मी लंगडत जाऊ? रात्री हे जेवलेही नाहीत नीट.

मला काय आनंद होतोय? इतक्या वर्षांचं दुकान. सकाळी डबा भरायचा, कुलूप काढायचं, दोन खुर्च्या पुसायच्या. आता दिवसभर कुणाशी बोलू? पण नाही म्हणजे नाही. कानाला खडा.

५ जून

मशीन आलं. दोन हमालांनी खिडकीपाशी ठेवलं. चादरीत गुंडाळलेलं. सोडून बघितलं तर तेलपाणी केलेलं, नवी सुई लावलेली, पट्टासुद्धा बदललेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. मला एकदम हुंदका आला. रागाने की कशाने, कोण जाणे.

हे मशीनपाशीच उभे. जागचे हलेनात. मग माझ्या खुर्चीसमोर येऊन स्टुलावर बसले आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी तुला खरं सांगायला निघाल्या होत्या. ऑपरेशनच्या आधीच. मी हात जोडले त्यांच्यापुढे. म्हटलं, ती फक्त तुमचंच ऐकते. तुझं तेव्हाचं ते खुरडत न्हाणीघरात जाणं मला बघवत नव्हतं गं."

मी विचारलं, "आणि त्या दिवशी दाराबाहेर?"

"तेव्हा मी म्हटलं, आता सांगून टाकतो. त्यांनीच नको म्हटलं. म्हणाल्या, भावजी, मलाच वाईट ठरू दे. तिला दिवस तुमच्याबरोबर काढायचेत."

म्हणजे मी जाऊबाईंना शिव्या घालत होते तेव्हा हा माणूस बाटली भरत होता.

ताडकन उठून चालतं व्हावं असं वाटलं. पण खुर्चीतून उठायला मला अजून हात लागतो. आणि घरात हात यांचाच.